रुमालात बांधलेलं बी

आजचे वाचन: लूक 19:11–27
सोबत वाचावे: मार्क 4:26–29, 2 तीमथ्य 1:3–7



आजचा दाखला आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. एक उमराव दूरदेशी जातो. जाताना दहा दासांना एकेक मोहर देतो आणि मी येईपर्यंत यावर व्यापार करा, असं सांगतो. परत आल्यावर हिशेब होतो. एकाने एकीच्या दहा केल्या, दुसऱ्याने पाच. तिसरा मात्र तीच एक मोहर पुढे करतो. त्याने ती रुमालात बांधून नीट ठेवली होती.

लहानपणी संडे स्कूलमध्ये हा दाखला ऐकला तेव्हा मला या तिसऱ्या माणसाची दया यायची. त्याने चोरी केली नाही, पैसे उधळले नाहीत, हरवलेही नाहीत. जसं दिलं तसं परत केलं. मग धनी एवढा का रागावला? हा प्रश्न बरीच वर्षं माझ्या मनात होता. त्याचं उत्तर मला गेल्या काही महिन्यांत घरामागच्या वाफ्यात मिळालं. आजचं मनन म्हणजे त्याचीच साक्ष आहे. थोडी लाजिरवाणी आहे, पण सांगतो.

माझी आजी नगर जिल्ह्यातली. तिच्या घराच्या परसात दरवर्षी गावरान टोमॅटो असायचे. ती त्यांना टोमॅटो म्हणत नसे, 'भेदरं' म्हणायची. चपटी, बाजूंनी खाचा असलेली, पातळ सालीची, चांगलीच आंबट फळं. बाजारात न्यायच्या लायकीची नव्हेत, टोपलीत दोन दिवस ठेवली की फुटायची. पण त्यांची चटणी भाकरीवर घेतली की दुसरं काही लागत नसे. आजीने बी कधी विकत आणलं नाही. सगळ्यात चांगल्या झाडाचं सगळ्यात चांगलं फळ ती खायला देत नसे, झाडावरच पूर्ण पिकू द्यायची. मग त्यातलं बी राखेत चोळून वाळवायची आणि रुमालाच्या गाठीत बांधून पेटीत ठेवायची. तिला ते बी तिच्या आईने दिलं होतं.

आजी प्रभूमध्ये झोपी गेली त्याला आता साडेपाच वर्षं झाली. तिच्या पेटीतून दोन वस्तू माझ्याकडे आल्या: तिचं पवित्र शास्त्र आणि तो गाठ मारलेला रुमाल. गाठीत एकतीस बिया होत्या. मी त्या मोजल्या, पुन्हा गाठ मारली आणि कपाटाच्या खणात ठेवून दिल्या.

आमचं घर तळमजल्यावर आहे आणि मागे लहानशी मोकळी जागा आहे. तिथे मी भाजीपाला लावतो. टोमॅटोही लावायचो, पण नर्सरीतून आणलेल्या संकरित रोपांचे. एका वर्षी त्यातल्याच एका फळाचं बी धरून पेरलं, तर एक झाड उंच, एक बुटकं, एकाची फळं गोल, एकाची लांबट! यात आश्चर्य काही नव्हतं. संकरित बी दोन वेगळ्या शुद्ध वाणांच्या मीलनातून तयार होतं. पहिली पिढी एकसारखी आणि जोमदार येते, पण तिच्या पोटच्या बियांत दोन्हीकडचे गुण वेगवेगळे फुटतात. म्हणून शेतकऱ्याला दर हंगामाला नवीन पाकीट घ्यावं लागतं. संकरित वाईट असं मला म्हणायचं नाही. नारायणगाव आणि पिंपळगावच्या बाजारात येणारे टोमॅटो त्याच बियांचे असतात आणि त्यावर हजारो घरं चालतात. गावरान वाणाचं मात्र वेगळं आहे. टोमॅटोचं फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळतं, त्यामुळे आईसारखीच लेक येते. ते बी हातातून हातात देता येतं.

ते माझ्या हातात दिलेलं होतं. आणि पाच वर्षं मी ते पेरलं नाही.

का? मला वाटायचं, ही शेवटची एकतीस. पेरली आणि उगवली नाहीत तर आजीचं सगळं संपलं. खणात आहेत तोवर आहेत तरी. मी याला 'जपणं' म्हणत होतो. पण टोमॅटोचं बी घरात ठेवलं तर चार-पाच वर्षं बऱ्यापैकी उगवतं, त्यानंतर दरवर्षी उगवण्याची ताकद कमी होत जाते. मोठमोठ्या बियाणे बँकांनाही ठरावीक काळाने बी पेरून ताजं करावं लागतं. आमच्या नगर जिल्ह्यातल्या, अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली. लोक त्यांना बीजमाता म्हणतात, आणि ते बी नुसतं साठवून ठेवण्याबद्दल नव्हे. त्यांचं बी शेतात जातं, पुन्हा बी होऊन येतं. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातही नवीन मुलांना हेच शिकवतात: ज्या बॅकअपवरून कधी रिस्टोर करून पाहिलं नाही, त्याला बॅकअप म्हणू नका. हे मी ऑफिसात दहा वेळा सांगितलं असेल. घरी मात्र रुमालाची गाठ तशीच.

त्या तिसऱ्या दासाची चूक मला इथे कळली. मोहर रुमालात ठेवली तर निदान मोहर राहते. बी रुमालात ठेवलं तर बीसुद्धा राहत नाही. आपण गाठीला हात लावत नाही, आणि आत ते गुपचूप मरत असतं.

आता खरी गोष्ट सांगतो. रुमालात माझ्या फक्त बिया नव्हत्या.

तुम्हांपैकी अनेक जण हे मनन रोज सकाळी वाचता, निरोप पाठवता. पण मला आठ वर्षांची लेक आहे, आणि गेल्या सप्टेंबरपर्यंत तिने माझ्या तोंडून मोठ्याने केलेली प्रार्थना एकदाही ऐकली नव्हती. मंडळीत उपासनेला आम्ही जातो, नाताळला घर सजवतो. पण पहाटे उठून मी वचन वाचायचो, लिहायचो, आणि ती उठायच्या आत लॅपटॉप बंद करायचो. पत्नीने एकदा विचारलंही, "तिच्याबरोबर का नाही बसत?" मी म्हटलं, "लहान आहे. मोठी झाली की तिचं ती ठरवेल." बोलायला हे फार चांगलं वाटतं. खरं कारण होतं भीती. ती काहीतरी विचारेल आणि मला उत्तर येणार नाही. किंवा ती हसेल. किंवा स्वच्छ नको म्हणेल, आणि मग आजीचं ते सगळं माझ्या हातून संपेल. तिसऱ्या दासालाही भीतीच वाटली होती. त्याच्या मनात धनी म्हणजे नुकसान भरून मागणारा कडक सावकार होता. मीही माझ्या प्रभूला तसाच समजत होतो का?

सप्टेंबरात पाऊस ओसरल्यावर लेकीला शाळेतून 'बी कसं रुजतं' असा प्रकल्प मिळाला. ती म्हणाली, "पप्पा, आपल्याकडे बी आहे?" मी खणाकडे पाहिलं. शेवटी रुमाल काढला, पण हिशेबीपणा सुटला नाही. एकतीसपैकी दहाच पेरू, बाकीच्या राखून ठेवू, असं ठरवलं. ट्रेमध्ये माती भरली, बोटभर खोल खड्डे करून बी टाकलं, भरपूर पाणी घातलं. बारा दिवस झाले, एकही उगवलं नाही. मातीला वास यायला लागला होता.

त्या रात्री मला झोप आली नाही. बियांसाठी कोणी जागतं का, असं तुम्ही म्हणाल. पण मला सारखं वाटत होतं की बाकीच्या एकवीससुद्धा मेलेल्याच आहेत आणि मी पाच वर्षं मेलेलं बी जपत बसलो होतो.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मी पुन्हा ट्रे घेतला. यावेळी कोकोपीट आणि गांडूळखत सारखं मिसळलं, बी जेमतेम अर्धा सेंटिमीटर खोल ठेवायचं ठरवलं, पाणी फवाऱ्याने. रुमालातल्या सगळ्या बिया लेकीच्या तळहातावर ओतल्या. तिने विचारलं, "पणजी पेरताना काय करायची?"

मला आठवलं. आजी बी मुठीत धरायची, डोळे मिटायची आणि एकच वाक्य म्हणायची, "बापा, मी टोकते, उगवणं तुझं." मग वाकून टोकायला लागायची. मी ते लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "मग म्हण ना तू."

रोज पाचशे-सातशे शब्द लिहिणारा मी, माझा आवाज निघेना. घसा खाकरला, इकडेतिकडे पाहिलं. मग आजीचंच वाक्य म्हटलं, थोडं अडखळत. ती हसली नाही. "आमेन" म्हणाली आणि एकेक बी बोटाने दाबायला लागली. रुमाल रिकामा झाला.

नवव्या दिवशी पहिला कोंब आला, वाकलेला, डोक्यावर बियाचं टरफल घेऊन. पुढच्या चार दिवसांत आणखी चार. एकवीसमधून पाच. आधी दोन साधी लांबट पानं येतात, टोमॅटोची कातरलेली खरी पानं त्यानंतर. लेकीला वाटलं, चुकून दुसरंच काहीतरी उगवलं! आणि मग माझी जुनी खोड. मी दिवसातून चार वेळा बघायचो, रात्री मोबाइलच्या उजेडात बघायचो, माती जरा कोरडी वाटली की पाणी. परिणाम काय? दोन रोपं बुडापाशी काळी पडून कोलमडली. रोपांना जास्त पाणी झालं की हा बुरशीचा रोग हमखास येतो. दुष्काळाने नव्हे, माझ्या काळजीने मेली ती.

मार्क शुभवर्तमानात प्रभू एका पेरणाऱ्याविषयी सांगतो. तो पेरतो आणि रात्री झोपतो, सकाळी उठतो. बी कसं वाढतं हे त्याला ठाऊक नसतं. मी हा दाखला अनेकदा वाचलाय, पण तो माणूस झोपतो हे मला कधी दिसलंच नव्हतं. प्रियांनो, त्याची झोप हा आळस नाही. कोणतं काम आपलं आणि कोणतं प्रभूचं, हे त्याला माहीत आहे. पेरायला मी घाबरत होतो, ते माझं काम होतं. उगवायचं काम मी अंगावर घेत होतो, ते माझं नव्हतं. दोन्हीकडे मी उलटाच वागत होतो.

मुलांच्या बाबतीतही आपण अशीच दोन टोकं गाठतो, नाही का? एक तर पेरतच नाही, 'तिचं ती ठरवेल' म्हणतो. नाहीतर पेरल्यावर रोज उकरून बघतो: वचन पाठ झालं का? प्रार्थना मनापासून केली का? एक रुमालात मरतं, दुसरं पाण्यात.

नोव्हेंबरात तीन रोपं जमिनीत लावली. टोमॅटोचं रोप लावताना खोड जरा खोल पुरायचं असतं, कारण पुरलेल्या खोडालाही मुळं फुटतात. पुढे एका झाडाची पानं मुरडली, पांढऱ्या माशीने रोग आणला होता. ते उपटून टाकावं लागलं. उरली दोन. डिसेंबरच्या मध्यावर पिवळी फुलं आली, आणि जानेवारीच्या शेवटी पहिलं फळ लाल झालं. चपटं, खाचांचं. मी कापलं, मीठ लावलं, तोंडात टाकलं. तीच आंबट चव. मी आणि पत्नी काही बोललो नाही. लेकीने तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "ई, किती आंबट!" हेही ठीकच आहे.

मधल्या काळात आम्ही रात्री जेवणाआधी एकत्र प्रार्थना करायला लागलो होतो. दोन-तीन वाक्यांची. कधी ती म्हणते, "आज मी सांगते." कधी म्हणते, "आज नको, झोप आलीये." मी जबरदस्ती करत नाही. आणि ज्याची मला भीती होती तेही घडलं. एका रात्री तिने विचारलं, "पप्पा, पहिल्या दहा बिया उगवल्या नाहीत, कारण तेव्हा आपण प्रार्थना केली नव्हती म्हणून?"

मी क्षणभर थांबलो. 'हो' म्हणणं सोपं होतं, आणि तिने ते मानलंही असतं. पण प्रार्थना म्हणजे खत आहे असं मला तिच्या मनात पेरायचं नव्हतं. मी म्हटलं, "नाही गं. त्या मी फार खोल पुरल्या आणि पाणी जास्त घातलं. आणि प्रार्थना करून पेरलेल्यांतल्याही सोळा उगवल्याच नाहीत."

"मग प्रार्थना कशाला?"

"ज्याची शेती आहे त्याच्याशी बोलून पेरावं म्हणून. यापेक्षा जास्त मलाही अजून नीट सांगता येत नाही."

ती "बरं" म्हणाली आणि जेवायला लागली. माझं आभाळ कोसळलं नाही. मला वाटतं, अर्धवट पण खरं उत्तर लेकराला पुरतं. आपल्या गप्प बसण्यातून त्याला जे कळतं ते मात्र फार चुकीचं असतं.

पौल तीमथ्याला लिहितो तेव्हा त्याच्या विश्वासाची आठवण काढताना दोन बायकांची नावं घेतो: आजी लोईस आणि आई युनीके. शास्त्रात त्यांच्या एकाही प्रवचनाची नोंद नाही. तरी त्यांच्या घरातलं बी तीमथ्यात रुजलं होतं. आणि लगेच पुढे पौल त्याला काय सांगतो? भित्रेपणाचा आत्मा देवाने आपल्याला दिलेला नाही. मला वाटायचं हे दोन वेगळे विषय आहेत. आता वाटतं, वारशाची गोष्ट निघाली की भीतीची गोष्ट निघणारच.

आणखी एक. काही लोक अजूनही आपल्याला सुनावतात की तुमचा विश्वास परदेशी आहे. आजीला तर हे आयुष्यभर ऐकावं लागलं. पण ज्याला आपण 'गावरान' म्हणतो तो टोमॅटो मूळचा कुठला? अमेरिका खंडातला. आपल्या देशात तो पोर्तुगीजांबरोबर आला. प्रभू येशू गालीलात दाखले सांगत होता तेव्हा तिथेही कोणी टोमॅटो पाहिला नव्हता. मग तो गावरान कसा झाला? कुणीतरी नगरच्या मातीत पेरला, बी धरलं, लेकीला दिलं, तिने पुन्हा पेरलं. अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1831 साली नगरला आले. त्यांनी आणलेलं वचन रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या भजनांतून, ओवीतून, आजीच्या त्या एका वाक्यातून इथलं झालं. पिढ्यान्‌पिढ्या पेरलं म्हणून ते आपलं झालं. जी पिढी पेरणार नाही, तिच्या घरात ते पुन्हा परकं होईल.

मागच्या आठवड्यात आम्ही बी धरलं. सगळ्यात चांगलं फळ झाडावर पूर्ण पिकू दिलं, गर बरणीत काढला, थोडं पाणी घालून कापड बांधून ठेवला. दोन दिवसांत वर पांढरी बुरशी आली आणि असा वास सुटला की पत्नीने बरणी घराबाहेर काढली. लेक म्हणाली, "पप्पा, हे सडलंय, फेकून दे." पण तेच हवं असतं. प्रत्येक बीभोवती बुळबुळीत थर असतो. ओल्या फळाच्या आतच बी उगवू नये म्हणून तो त्याला रोखून धरतो. त्याच्या वेळी तो थर योग्यच असतो, पण पेरणीसाठी तो जावा लागतो. आजी राखेत चोळून काढायची, आम्ही आंबवून काढला. माझं 'मोठी झाली की ठरवेल' हेही ती तान्ही असताना कदाचित ठीक होतं. पण थर थरच असतो, तो बी नव्हे. तिसऱ्या दिवशी पाण्यात घोळवलं, पोकळ बी वर तरंगलं, भरलेलं तळाशी बसलं. आता ते स्टीलच्या ताटात सावलीत वाळतंय. एका भेदरातून शंभरावर निघालंय.

येत्या रविवारी लेक त्याच्या पुड्या संडे स्कूलच्या मुलांना देणार आहे. प्रत्येक पुडीवर तिने 'पणजीची भेदरं' असं लिहिलंय, 'भे'ची मात्रा दोन ठिकाणी विसरलीये. आजीचा रुमाल धुऊन दोरीवर वाळत घातलाय. त्यात पुन्हा काही बांधून ठेवायचं नाही, असं ठरवलंय.

आज स्वतःला विचारू या:
माझ्या हातात कोणी काय दिलं होतं? ते आज कुठे आहे, मातीत की गाठीत?
ते पेरायला मला कशाची भीती वाटते? तसं प्रभूला सांगितलंय का?
जे पेरलंय, ते रोज उकरून तर बघत नाही ना?

प्रार्थना: हे स्वर्गीय बापा, आमच्या आज्या आणि आया यांच्यासाठी तुझे आभार मानतो. त्यांनी आम्हाला दिलेलं तुझं वचन आम्ही जपण्याच्या नावाखाली झाकून ठेवलं, त्याची क्षमा कर. आमची भीती काढून घे. पेरायला हात दे, आणि पेरल्यावर तुझ्यावर भरवसा ठेवून झोपायला शिकव. आमच्या लेकरांच्या प्रश्नांना खरी उत्तरं द्यायला धीर दे. बापा, आम्ही टोकतो, उगवणं तुझं. प्रभू येशूच्या नावात मागतो. आमेन.